लेगो सुरू करायचंय? पहिल्या डब्यापासून स्वतःच्या बुरुजापर्यंत

ऑफिसातल्या एका मित्राने मागच्या आठवड्यात विचारलं, मला पण लेगो सुरू करायचंय, चाळिशी उलटली, आता चालेल का, आणि घ्यायचा तर कुठला सेट घेऊ. त्याला सांगायला बसले तर जेवणाची सुट्टी संपली तरी माझं पहिल्याच सेटवर चाललं होतं. म्हणून आता सगळं सलग लिहून काढतेय. आठ वर्षं मी हे करतेय आणि सुरुवातीला कोणीतरी हे सांगितलं असतं तर बरेच पैसे आणि दोन पावसाळे वाचले असते.

वयाचं आधी बोलू. दुकानात काळे डबे दिसतात, त्यावर १८+ लिहिलेलं असतं, ते कंपनीने २०२० पासून मोठ्या माणसांसाठी म्हणूनच काढलेत, त्यामुळे मुलाचं नाव पुढे करून घ्यायची काही गरज नाही. मोठेपणी लेगो करणाऱ्यांना एफोल, म्हणजे अडल्ट फॅन ऑफ लेगो, म्हणतात, आणि लहानपणी सुटलं ते परत हातात येईपर्यंतच्या मधल्या वर्षांना ही मंडळी डार्क एजेस म्हणतात. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या लहानपणी लेगो नव्हतंच, मेकॅनोचे नट-बोल्ट होते, नाहीतर दिवाळीतला मातीचा किल्ला होता, पण हात तर त्यावर बसलेला असतोच ना, तो कामाला येतो.

जमवायचं की बांधायचं

हे दोन वेगळे छंद आहेत आणि नवीन माणसाची इथेच गल्लत होते. सेट विकत घेण्यात एक वेगळी मजा असते ती मला मान्य आहे, पण पहिलं वर्ष फक्त बांधा, असं मी अगदी ठासून सांगेन. एक सेट पूर्ण बांधून झाल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही हा नियम पाळला तरी पुरे. न उघडलेला डबा कपाटात ठेव, पुढे किंमत येईल, असं सांगणारे भेटतील, त्यांच्यासाठी ताजमहालाचं उदाहरण लक्षात ठेवा. २००८ मध्ये ताजमहालाचा सेट आला, ५,९२२ पीसचा. तो बंद झाल्यावर सेकंडहँड बाजारात त्याचे भाव प्रचंड चढले, लोकांनी सील न फोडता जपून ठेवले, आणि २०१७ मध्ये कंपनीने तोच सेट जवळजवळ जसाच्या तसा परत बाजारात आणला, फक्त एक पीस जास्त. साठवलेल्या डब्यांचा भाव खाली आला. ज्यांनी २००८ साली बसून बांधला होता त्यांचं मात्र काहीच गेलं नाही.

पहिला सेट कुठला

३०० ते ८०० पीसच्या मधला घ्या. एवढा सेट दोन-तीन संध्याकाळी किंवा एका निवांत रविवारी होतो आणि हात बसतो. मोठ्या सेटच्या मोहात पडू नका. आयफेल टॉवर १०,००१ पीसचा आहे आणि बांधून झाल्यावर जवळजवळ दीड मीटर उंच होतो, तो ठेवायचा कुठे हा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठी अडचण म्हणजे चारही पायांना तेच तेच परत परत बांधावं लागतं, आणि नवीन माणूस दुसऱ्या पायावरच कंटाळतो.

मी तीन वाटा सुचवते. झाडं-फुलांचे सेट ही सगळ्यात सोपी वाट, त्यात ऑर्किड आहे ६०८ पीसचं, बोन्साय आहे ८७८ पीसचं. बोन्साय मला फार आवडतं त्याचं कारण त्याचा गुलाबी बहर. जवळ जाऊन बघा, ती फुलं नाहीयेत, छोटे छोटे गुलाबी बेडूक आहेत, पाय पसरून फांदीवर बसवलेले. दोन फुटांवरून चेरीचा मोहोर दिसतो आणि नाक टेकवलं की बेडूक दिसतो. एक पीस ज्यासाठी बनला त्याऐवजी दुसऱ्याच कामाला लावायचा, ही या छंदातली सगळ्यात मोठी युक्ती आहे आणि ती तुम्हाला पहिल्याच सेटमध्ये शिकायला मिळते.

दुसरी वाट गाड्यांची, स्पीड चॅम्पियन्स म्हणून छोट्या रेसिंग कार येतात, तळहातावर मावतात, २०२० पासून त्या आठ स्टड, म्हणजे विटेवरचे आठ गोल उंचवटे, एवढ्या रुंद केल्यात त्यामुळे आकार खूप सुधारलाय. तिसरी वाट इमारतींची, आर्किटेक्चर सीरिज, तिथे छोट्या मापात मोठी वास्तू कशी भासवायची ते कळतं. टेक्निक सेट, म्हणजे गिअर आणि पिनावाले, पहिला म्हणून नको असं माझं मत. घेतलाच तर एवढं लक्षात ठेवा की काळी पिन घट्ट बसते आणि तशाच दिसणाऱ्या फिक्या करड्या पिनेवर भाग मोकळा फिरतो, तिथे अदलाबदल झाली की पुढे जाऊन चाक अडकतं आणि कारण सापडायला अर्धं मॉडेल उघडावं लागतं.

सेट बंद होत राहतात, त्यामुळे मी सांगितलेला नाही मिळाला तर नाराज होऊ नका, त्याच सीरिजमधला दुसरा बघा.

विकत घेताना

किंमत भागिले पीस, हा हिशोब दरवेळी करा. सहा हजारांचा सेट ६०० पीसचा असेल तर एक पीस दहा रुपयाला पडला. पण तेवढ्यावरच जाऊ नका कारण हजार पीसमधले सातशे जर १ बाय १ च्या, म्हणजे एका स्टडएवढ्या, टिकल्या असतील तर तो आकडा फसवतो. आणि आपल्याकडे महाग का, तर खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झालाय, म्हणून परदेशात दिसणारा प्रत्येक सेट इथे येतोच असं नाही. परदेशात राहणारा भाऊ, मावसबहीण कोणी येणार असेल तर डबा मोडून, पीसच्या पिशव्या आणि पुस्तिका एवढंच बॅगेत आणायला सांगा, जागा निम्मी लागते.

हुबेहूब नकली माल ऑनलाइन भरपूर आहे. विटेच्या मूळ पेटंटची मुदत कधीच संपलीये, त्यामुळे त्याच मापाच्या विटा दुसऱ्या कंपनीने बनवणं यात बेकायदा काही नाही आणि काही कंपन्या चांगल्या बनवतातही. अख्खा सेटच चोरून, पुस्तिकेसकट विकणं हे वेगळं. लेपिन नावाने असा धंदा चालायचा, २०२० मध्ये शांघायच्या कोर्टाने त्यातल्या मुख्य माणसाला ६ वर्षांची शिक्षा दिली. ओळखायचं कसं, तर अस्सल विटेच्या प्रत्येक स्टडवर बारीक अक्षरात LEGO हे नाव असतं. मधून पोकळ असलेले स्टड सोडले तर अगदी प्रत्येक स्टडवर.

सेकंडहँड घ्यायला अजिबात हरकत नाही. स्टड वर आणि आत पोकळ नळ्या ही आजची रचना डेन्मार्कच्या बिलुंडमध्ये ठरली, २८ जानेवारी १९५८ ला पेटंट दाखल झालं, आणि तेव्हाची वीट आजच्या विटेत बसते. त्यामुळे जुना लॉट वाया जात नाही. फक्त हातात घेऊन बघा. मी एकदा किलोवर मिक्स लॉट घेतला, फोटोत वरचा थर सगळा अस्सल होता, घरी येऊन ओतला तर खाली निम्म्याहून जास्त नकली, काही इतके सैल की उलटं धरलं की पडायचे. तेव्हापासून मी पिशवीत खालपर्यंत हात घालून चार मुठी काढून बघते आणि मगच पैसे देते. जुन्या तपकिरी आणि गडद लाल पीसवर नखाने हलकेच दाब देऊन बघा, एका काळातले ते रंग ठिसूळ निघालेत आणि बांधताना कट्कन तुटतात.

बांधायला बसताना

टेबल, पांढरा लाइट आणि काठ असलेलं ताट. पिवळ्या बल्बखाली काळा, गडद करडा आणि गडद तपकिरी हे तिन्ही एकच दिसतात, निम्म्या चुका तिथूनच येतात. पिशव्यांवर नंबर असतात, एका वेळी एकच नंबर फोडायचा, पुढची पिशवी ‘जरा बघू’ म्हणून फोडू नका.

पिशवी ताटात ओतली की मोठे पीस ताटातच राहू द्यायचे आणि बारीक पीस वेगळे काढायचे. यासाठी माझ्याकडे जुना मसाल्याचा डबा आहे, सात वाट्यांचा. टाइल, म्हणजे वर स्टड नसलेले गुळगुळीत पीस, एका वाटीत, १ बाय १ दुसरीत, पिना तिसरीत, पारदर्शक पीस चौथीत, असं. वाटी उचलून हातात धरता येते, झाकण लावून सगळं तसंच उद्यासाठी ठेवता येतं, यापेक्षा चांगली सोय मला तरी अजून कुठल्या दुकानात मिळाली नाहीये.

पुस्तिकेत प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात त्या पायरीला लागणारे पीस आणि त्यांची संख्या दिलेली असते. ते सगळे आधी काढून समोर ठेवा, मग बसवा, समोर एक जरी शिल्लक राहिला तरी पान उलटायचं नाही. ही एवढी सवय लावलीत ना की चुका जवळपास बंद होतात. आतल्या भागात अचानक पोपटी किंवा लाल वीट आली तर घाबरू नका, बाहेरून दिसत नाही अशा ठिकाणी दिशा पटकन कळावी म्हणून असे भडक रंग मुद्दाम घालतात. आणि शेवटी बारीक पीस दोन-चार उरणारच, ते जादा दिलेले असतात, काहीतरी राहिलं म्हणून मॉडेल उघडत बसू नका.

पीस कमीच निघाला तर आधी रिकाम्या पिशवीचे कोपरे बघा, मग आधी बसवलेल्या भागाच्या खाली चिकटून गेलाय का बघा, आणि मग ताटाखाली. माझ्या अनुभवात दहातले नऊ तिथे सापडतात. खरंच नसेल तर कंपनीच्या ग्राहकसेवेला सेट नंबर आणि पीस नंबर देऊन मागता येतो.

चूक झाली की

पान ४० वर एक प्लेट, म्हणजे पातळ वीट, एका स्टडने सरकते आणि पान ७० वर छप्पर बसत नाही, तेव्हा कळतं. अशा वेळी दाबून बसवू नका. जबरदस्तीने बसवलेला पीस आतून ताणलेला राहतो आणि काही महिन्यांनी चिरतो. थांबा, मॉडेल आणि चित्र एकाच दिशेने धरा, स्टड मोजत मोजत मागे जा.

काढायला सेपरेटर वापरा, बऱ्याच मोठ्या सेटमध्ये तो येतोच, नारिंगी रंगाचा. दात आणि नखं नकोत, दाताचे व्रण कायमचे राहतात. पातळ टाइल काढायला सेपरेटरची धार, अडकलेला अॅक्सल ढकलायला त्याच्या पाठीवरचा दांडा. आणि दोन सारख्या प्लेट एकमेकींना चिकटल्या, हे सगळ्यात चिवट प्रकरण, तर वरच्या प्लेटवर एक लांब वीट बसवा आणि खालच्या प्लेटखाली दुसरी, मग दोन्ही विटा हँडलसारख्या धरून विरुद्ध बाजूला वळवा. सुटतात.

मोडा

ही पायरी लोक गाळतात. पहिला सेट महिनाभर शोकेसमध्ये ठेवा, सगळ्यांना दाखवा, आणि मग तो मोडा आणि पुस्तिका बंद करून त्याच पीसमधून दुसरं काहीतरी करा, काहीही, चहाचा कप करा, रिक्षा करा. २ बाय ४ च्या एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या ९१ कोटी ५१ लाखांहून जास्त प्रकारे जोडता येतात, आणि तुमच्याकडे तर सहाशे पीस आहेत. अगदीच सुचत नसेल तर रीब्रिकेबल नावाच्या साइटवर तुमच्या सेटचा नंबर टाका, त्याच सेटमधून बाकीच्यांनी काय काय बांधलंय ते दिसतं.

मोडतानाच सॉर्टिंग करा, आणि इथे एक गोष्ट नीट ऐका, रंगाने वेगळे करू नका, आकाराने करा. रंगाचे डबे दिसायला सुंदर दिसतात पण काळ्या ढिगातून काळी १ बाय १ प्लेट शोधायची वेळ आली की अर्धा तास जातो, तेच सगळ्या १ बाय १ प्लेट एका डब्यात असतील तर काळी लगेच डोळ्यात भरते. दोन सेट होईपर्यंत फरसाणचे पारदर्शक डबे पुरतात.

मिनिफिग म्हणजे लेगोचा छोटा माणूस, त्याचं डोकं, केस, हातातली हत्यारं यांचा डबा वेगळा आणि उंचावर. घरात तीन वर्षांखालचं मूल येत-जात असेल तर जमिनीवर बांधायला बसूच नका.

ऊन, धूळ, पावसाळा

खिडकीत ठेवू नका. पांढरे आणि फिके करडे पीस उन्हाने पिवळे पडतात आणि परत पहिल्यासारखे होत नाहीत. धुळीला मऊ मेकअप ब्रश, आठवड्यातून एकदा, आणि शक्य असेल तर काचेचं कपाट. सेकंडहँड लॉट धुवायचा तर कोमट पाणी, ४० अंशांच्या वर नाही, भांड्यांचा साबण दोन थेंब, भाजीच्या जाळीच्या पिशवीत घालून हलवायचे. स्टिकर असलेले आणि मोटर-लाइटवाले पीस पाण्यात घालायचे नाहीत. वाळवायला पंखा, ऊन नाही, हेअर ड्रायर तर नाहीच. पावसाळ्यात मी धूतच नाही, आतल्या नळ्यांमध्ये पाणी राहतं आणि डब्यात कुबट वास येतो.

आता स्वतःचं

स्वतःच्या डोक्यातून बांधलेल्याला मॉक म्हणतात, आणि माझ्यासाठी हा छंद इथे खरा सुरू होतो. माझा पहिला मॉक दिवाळीचा किल्ला होता. बिल्डिंगमध्ये माती मिळेना, मग म्हटलं टेबलावर बांधू.

आधी मापं पाठ करा. स्टडपासून स्टडपर्यंत ८ मिलिमीटर. वीट ९.६ मिलिमीटर उंच. प्लेट ३.२, म्हणजे तीन प्लेट एक वीट. आणि सगळ्यात उपयोगी हिशोब म्हणजे पाच प्लेटची उंची १६ मिलिमीटर, बरोब्बर दोन स्टडची रुंदी. यामुळे एखादा भाग आडवा करून बाजूने बसवला तरी फट राहत नाही. बाजूने बसवण्याच्या या पद्धतीला स्नॉट म्हणतात, त्यासाठी बाजूला स्टड असलेल्या विटा मिळतात, त्या वीसेक तरी जवळ असू द्या.

मग आकार. मिनिफिग साधारण ४ सेंटीमीटर उंच. त्याला माणूस धरला तर सहा मीटरचा तट १४ सेंटीमीटर होतो, म्हणजे पंधरा विटांचे थर, आणि ते फक्त एका तटाचं झालं. अख्खा किल्ला या मापात होणार नाही. मी पहिल्यांदा हाच हट्ट धरला आणि करड्या विटा दोन दिवसात संपल्या. एकतर सगळा किल्ला अगदी छोट्या मापात करा, माची, बालेकिल्ला सगळं तळहाताएवढं, नाहीतर फक्त दरवाजा आणि दोन बुरुज मिनिफिगच्या मापात करा. मी दुसरं निवडलं.

गोमुखी दरवाजा म्हणजे दोन बुरुजांच्या कवेत लपलेला, समोरून बघणाऱ्याला दिसतच नाही असा, रायगडाचा महादरवाजा आठवा. त्याला बुरुज गोल हवेत आणि आपल्या विटा चौकोनी. इथे ही युक्ती आहे: १ बाय २ ची वीट, मग १ बाय १ ची गोल वीट, परत १ बाय २, परत गोल, असा थर लावायचा आणि वरचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा एक स्टड त्याच बाजूला सरकवून तसाच. चार-पाच थर झाले की दोन्ही टोकं धरून हळूच वळवा. गोल विटा बिजागरीसारखं काम करतात आणि अख्खी भिंत तुमच्या हातात वाकते. पहिल्यांदा ती वाकली तेव्हा मी परत सरळ केली आणि परत वाकवली, असं दहा वेळा केलं असेल. फक्त खालच्या पायाच्या प्लेटला ती सगळीकडून जोडू नका, दोन टोकांनाच पकडा, नाहीतर वाकणार नाही.

चऱ्यांसाठी, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या पाकळ्यांसाठी, बाजूला स्टड असलेली १ बाय १ वीट आणि तिच्यावर एका बाजूने गोल असलेली १ बाय १ टाइल, गोल बाजू वर. ओळीने लावल्या की पाकळ्यांसारख्या दिसतात. जंग्यांसाठी, म्हणजे मारा करायच्या भोकांसाठी, तटात मध्ये मध्ये एका स्टडची जागा मोकळी सोडा. दगडाला गडद करडा रंग, त्यात दर सात-आठ विटांमागे एक फिकी आणि एखादी हिरवट, शेवाळ्यासारखी. सगळी भिंत एकाच रंगात केली तर ती प्लास्टिकचीच दिसते.

हातात विटा घेण्याआधी हे सगळं कॉम्प्युटरवर बांधून बघता येतं, ब्रिकलिंक या सुट्या पीसच्या साइटचं स्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते पीसची यादी पण काढून देतं. यादी ऑर्डर करण्याआधी प्रत्येक पीस त्या रंगात खरंच निघालाय का ते तपासा, कारण प्रत्येक आकार प्रत्येक रंगात येत नाही. सुटे पीस परदेशातून मागवायचे तर वेगवेगळ्या दुकानांतून थोडे थोडे घेऊ नका, एकाच दुकानात जास्तीत जास्त मिळतील असं बघा, नाहीतर विटांपेक्षा पोस्टेज आणि कस्टम जास्त पडतं. आणि पार्सलला आठवडे लागतात. दिवाळीला बुरुज उभा करायचा असेल तर यादी गणपतीच्या आधी पाठवा.